आधी बोलावणं की आधी गोष्ट?

१८ जून १८२१ रोजी बर्लिनच्या शाउश्पीलहाउस या नव्या नाट्यगृहात कार्ल मारिया फॉन वेबर याच्या ‘डेर फ्रायशुट्झ’ या ऑपेराचा पहिला प्रयोग झाला. पडदा उघडण्याआधी वाद्यवृंदानं ओव्हर्चर वाजवलं आणि त्यालाच वन्समोअर मिळाला. तोवर एकही पात्र रंगमंचावर आलेलं नव्हतं, गाण्याचा एक शब्दही कानावर पडलेला नव्हता. मग प्रेक्षकांनी दाद दिली ती कशाला?

तुळजापुरात हा प्रश्न परका वाटत नाही. इथं गोंधळात आख्यानाच्या आधी बराच वेळ संबळ, तुणतुणं आणि झांज यांच्या साथीनं देवदेवतांना बोलावणं चालतं. पुढं दिलेल्या संवादातले मामा गोंधळ घालणाऱ्या घरातले, संबळ वाजवणारे. भाची पुण्यात व्हायोलिन वाजवते. वेबरचं ओव्हर्चर दोघांनी एकत्र ऐकलं. गोष्टीच्या आधीचं संगीत कशासाठी असतं, यावर त्यांचं एकमत नाही.

मामा: ऐकलं. पहिल्यांदा एकच स्वर येतो, अगदी हळू, आणि फुगत जातो. त्याला व्हायोलिनवाले दबक्या आवाजात उत्तर देतात. मग शिंगं वाजतात. बरोबर का?

भाची: बरोबर. ते चार हॉर्न आहेत, शिकाऱ्यांचं वाद्य. वेबरच्या काळात हॉर्नला आजच्यासारख्या कळा सर्रास नव्हत्या. नुसती गुंडाळलेली पितळी नळी, आपल्या तुतारीसारखी. ओठांच्या दाबावर निघतील तेवढेच स्वर. पट्टी बदलायची तर नळीचा तुकडा काढून दुसरा लावायचा. म्हणून वेबरनं दोन हॉर्न एका पट्टीत घेतले आणि दोन दुसऱ्या पट्टीत. एका जोडीला जो स्वर मिळत नाही तो दुसरी जोडी पुरवते. तुम्हाला ती चाल सलग ऐकू आली, पण ती दोघादोघांनी वाटून घेतलेली आहे.

मामा: चाल गोड आहे. पण नंतर एकदम पायाखालची जमीन सरकली. तारा थरथरायला लागल्या आणि खालून ढोलाचे ठोके आले. वाजवणारा हात राखून वाजवत होता. चार-दोन ठोके, तेही ठेका धरायला नव्हेत. आमच्यात असं कुणी वाजवलं तर विचारतील, बाबा, लय कुठं गेली?

भाची: तिथं झामिएल येतो. सैतानच म्हणा. ऑपेरात तो गात नाही, फक्त बोलतो. त्याची खूण म्हणजे ते टिंपनीचे ठोके आणि त्यावरचे चार स्वर. त्या चारांत प्रत्येकाचं शेजाऱ्यापासूनचं अंतर सारखंच, तीन-तीन अर्धस्वरांचं, म्हणजे पेटीवर काळ्या-पांढऱ्या मिळून तीन-तीन पट्ट्या मोजायच्या. सगळी अंतरं सारखी झाली की यांतला षड्ज कोणता, हे कानाला ठरवता येत नाही. तुमच्या पायाखालची जमीन सरकली ती त्यामुळं.

मामा: षड्ज काढून घेतला म्हण की. भीती दाखवायची ही रीत पटली मला. आता गोष्ट सांग.

भाची: बोहेमियाचं जंगल, तीस वर्षांचं युद्ध नुकतंच सरलेलं. मॅक्स नावाचा तरुण वनरक्षक. नेमबाजीच्या परीक्षेत उतरला तरच अगाथेशी लग्न होणार, आणि त्याचा नेम तर चुकायला लागलाय. कास्पार त्याला नादी लावतो: मध्यरात्री लांडग्याच्या घळीत चल, सैतानाच्या साक्षीनं सात गोळ्या ओतू. सहा गोळ्या हव्या तिथं लागतात, सातवी सैतानाच्या मर्जीनं जाते. आता ओव्हर्चर पुन्हा आठवा. अंधारानंतर जो वेग सुरू होतो तो पहिल्या अंकातल्या मॅक्सच्या गाण्यातून आलाय. काळ्या शक्ती आपल्याला वेढताहेत, असं तो तिथं म्हणतो. मध्ये थरथरणाऱ्या तारांवर एक क्लॅरिनेट एकटाच लांब सूर धरतो. बर्लिओझनं वाद्यलेखनावरच्या आपल्या ग्रंथात याच जागेचं मन भरून कौतुक केलंय. मग येते अगाथेची चाल. दुसऱ्या अंकात ती रात्री मॅक्सची वाट बघते आणि तो येताना दिसताच तिला आनंद होतो, तिथली.

मामा: ती चाल दोनदा ऐकली. शेवटी आली तेव्हा जास्त उजळ वाटली.

भाची: कारण सांगते. मॅक्सचा वेगाचा भाग कोमल गंधाराचा आहे. अगाथेची चाल पहिल्यांदा येते तेव्हा त्या कोमल गंधारालाच षड्ज मानून येते. म्हणजे अंधारातलाच एक स्वर तिनं घर म्हणून घेतलाय. शेवटी सगळा वाद्यवृंद थांबतो, जवळजवळ शांतता होते, आणि मूळ षड्जावर शुद्ध गंधारासह सगळी वाद्यं एकदम उघडतात. त्यानंतर तीच चाल मूळ षड्जावर येते. पूर्ण नाटकाचा झगडा एका गंधारात मांडलाय. ओव्हर्चर असावं तर असं. नाटकाचा जीव पडद्याआधीच ऐकणाऱ्याच्या कानात पेरून ठेवायचा. ग्लुकनं १७६९ साली ‘आल्चेस्ते’च्या प्रस्तावनेत हीच अपेक्षा लिहून ठेवली होती: पुढं काय घडणार आहे त्याच्या स्वरूपाची जाणीव ओव्हर्चरनं प्रेक्षकांना द्यावी. वेबरनं ती पुरी केली.

मामा: आणि मला खटकतंय ते नेमकं हेच. शुद्ध गंधार आधीच वाजवून टाकला. पोरगी वाचते, सैतान हरतो, सगळं सांगून झालं. मग माणसानं पुढं बसायचं कशाला?

भाची: मामा, गोंधळात महिषासुर मरणार हे कुणाला ठाऊक नसतं?

मामा: ठाऊक असणं वेगळं आणि वाजवून दाखवणं वेगळं. आमच्यात काय होतं ते बघ. पाटावर नवं वस्त्र, त्यावर धान्याचा चौक, कलश, विड्याची पानं, सुपारी, नारळ. दिवटी पेटते. गणपतीला नमन होतं. मग एकेका देवतेचं नाव घेऊन तिला गोंधळाला यायचं आवतण. आम्ही कदमराई, भवानीचे. माहूरच्या रेणुकेचे ते रेणुराई. पण बोलावताना सगळ्यांना बोलवावं लागतं: तुळजापूरची भवानी, कोल्हापूरची अंबाबाई, माहूरची रेणुका, जेजुरीचा खंडोबा, पंढरीचा विठोबा, आपल्या येरमाळ्याची येडेश्वरी. शिवाय ज्याच्या घरी गोंधळ आहे त्याचं कुलदैवत, त्याच्या गावचा देव. एक नाव विसरलं तरी म्हातारी माणसं टोकतात. या सगळ्यात आख्यानाचा एक शब्द नसतो. संबळ तेव्हा जोरात असतं, पण शेवटची लय राखून ठेवायची असते. ती पोत नाचवायच्या वेळची. तीच आधी वाजवली तर पोत पेटल्यावर वाजवायचं काय?

भाची: म्हणजे सुरुवातीच्या संगीतात गोष्ट नकोच, असं तुमचं म्हणणं.

मामा: हो. आधी जागा तयार करायची, माणसं तयार करायची. गोष्ट आपल्या वेळेला येते. तमाशात काय बघतो आपण? ढोलकी-हलगी कडाडते, गण होतो, गवळण होते, बतावणी होते, आणि मग वग. आजच्या वगाला एक गण आणि उद्याच्या वगाला दुसरा, असं कुणी करतं का? गण गणपतीचा असतो, वगाचा नसतो.

भाची: तुमच्या बाजूचा पुरावा मीच देते, लपवणार नाही. रोसिनीचं ‘बार्बर ऑफ सेव्हिल’ १८१६ साली रोममध्ये आलं. त्याचं ओव्हर्चर आज जगभर वाजतं, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की त्यात न्हाव्याची लबाडी आणि धावपळ ऐकू येतेय. खरं तर ते ओव्हर्चर त्यानं १८१३ साली रोमन सम्राट ऑरेलियनवरच्या ऑपेरासाठी वापरलेलं होतं. मग १८१५ साली इंग्लंडची राणी एलिझाबेथ हिच्यावरच्या ऑपेराला तेच जोडलं, आणि तिसऱ्यांदा न्हाव्याला.

मामा: सम्राट, राणी आणि न्हावी, तिघांना एकच गण! आणि तिघांनाही चाललं.

भाची: चाललं. लोक स्थिरस्थावर झाले, कान टवकारले, अंगात उत्साह आला. ते काम ते चोख करतं. पण मामा, रोसिनीचं ते ओव्हर्चर ऐकून मला छान वाटतं, आणि वेबरचं ऐकून पुढं काय होईल याची काळजी लागते. फरक इथं आहे. पहिल्या अंकात मॅक्स गायला लागला की आतून आवाज येतो, हे मी ऐकलंय. कुठं ऐकलं हे क्षणभर आठवत नाही. ती ओळख ओव्हर्चरनं पेरलेली असते. आणि पहिल्याच प्रयोगात आपल्याला एखाद्याची जुनी ओळख असल्यासारखं वाटणं, हे दुसऱ्या कुठल्या मार्गानं साधणार?

मामा: आमच्या माणसाला ती ओळख विकत घ्यावी लागत नाही. रेणुकेची, परशुरामाची, अंबेची आख्यानं त्यानं आजीकडून ऐकलेली असतात. तुमचे प्रेक्षक तिकीट काढून येणारे, एकमेकांना अनोळखी, गोष्ट नवी. त्यांना सांगावं लागत असेल.

भाची: मीही तसंच समजत होते, पण ते पुरतं खरं नाही. ही गोष्ट वेबरच्या आधी भुताखेतांच्या एका जर्मन कथासंग्रहात छापून आलेली होती आणि सैतानी गोळ्यांची समजूत तिकडच्या लोकांत जुनीच. बर्लिनकरांना कथानक अगदीच नवं नव्हतं. नवा होता तो आवाज. जंगल असं ऐकू येतं, भीती अशी ऐकू येते, हे त्यांनी आधी ऐकलं नव्हतं. महिनाभर आधीच त्याच शहरात स्पोंतिनीचा ‘ओलिंपी’ हा भपकेबाज ऑपेरा झाला होता. त्यात रंगमंचावर हत्तीसुद्धा होता. वेबरकडं तसलं काही नव्हतं. त्याच्याकडं चार हॉर्न होते आणि झामिएलचे चार स्वर. तुम्हाला आणखी एक सांगते. हे ओव्हर्चर ऑपेराच्याही आधी, १८२० साली कोपनहेगनमध्ये मैफलीत वाजलेलं होतं. पाहायला नाटकच नव्हतं, तरी ते उभं राहिलं.

मामा: उभं राहिलं तेच मला नडतं. इतकं पूर्ण, की नाटकाची गरज उरली नाही.

भाची: इथं तुमच्या बोलण्यात दम आहे. बेथोव्हेनला हाच पेच पडला होता. त्याच्या एकुलत्या एका ऑपेरासाठी त्यानं चार ओव्हर्चर लिहिली. त्यातलं १८०६ सालचं, ‘लेओनोरे’ क्रमांक ३ म्हणून ओळखलं जाणारं, इतकं जबरदस्त आहे की तुरुंगातला कैदी, त्याची आशा, सुटकेची वर्दी देणारा पडद्यामागचा ट्रंपेट, सगळं त्यातच होऊन जातं. नंतर पडदा उघडतो आणि तुरुंगाधिकाऱ्याच्या घरात साधीसुधी घरगुती कुरबुर सुरू होते. ते त्यापुढं फिकं पडतं. १८१४ साली त्यानं नवं ओव्हर्चर लिहिलं, आटोपशीर, गोष्ट न सांगणारं. ऑपेराला आज तेच जोडतात.

मामा: मग बेथोव्हेन माझ्या बाजूचा झाला!

भाची: त्या एका ठिकाणी झाला. पण तुमची बाजू वाटते तितकी सरळ नाही. आपलं संगीत नाटक घ्या. अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात झालं. तिसरी घंटा, नांदी, सूत्रधार, मग नाटक. नांदीत ईश्वराचं स्तवन, गोष्ट काही नाही, तुम्हाला हवं तसं. पण मूळ कालिदासाची प्रस्तावना आठवा. नटी ग्रीष्माचं गाणं गाते. सूत्रधार त्यात इतका हरवतो की आज कोणतं नाटक करायचं हेच विसरतो. नटी आठवण करून देते. तो म्हणतो, तुझ्या गाण्यानं मला ओढून नेलं, जसं हरणानं या दुष्यंताला. आणि त्या शब्दावर राजा हरणामागं येतो. विसरणं आणि पुन्हा आठवणं हाच त्या नाटकाचा गाभा, आणि तो पहिल्या गाण्यातच ठेवलाय. मग आपल्याकडं गोष्ट आधी सांगत नाहीत, असं कसं म्हणायचं?

मामा: (जरा थांबून) हे मी नाटक बघताना कधी लक्षात घेतलं नव्हतं. पण बघ, कालिदासानं सांगितलं आणि कुणाला कळू दिलं नाही. नाटक संपल्यावर ज्याला सुचेल त्याला सुचेल. अगाथेच्या चालीसारखं सगळ्या वाद्यांनी गर्जून सांगितलं नाही.

भाची: तो फरक मान्य.

मामा: आता मी एक विचारतो. ती पहिली शिंगांची चाल, दोघादोघांनी वाटून घेतलेली. ती पुढं नाटकात कोण गातं? मॅक्स? ती मुलगी?

भाची: कुणीच नाही.

मामा: कुणीच नाही?

भाची: ओव्हर्चरमधलं जवळपास सगळं ऑपेरातून आलंय. हॉर्नची ती चाल मात्र पुढं येत नाही. ती तेवढीच, सुरुवातीला.

मामा: मग झालं की! सगळ्यांना आवडणारी चाल, आणि तिच्यात गोष्टीचं काही नाही. ती जंगलाला बोलावतेय. आम्ही येरमाळा म्हणतो, माहूर म्हणतो, जेजुरी म्हणतो, तेव्हा अख्खा मुलूख त्या अंगणात आणून बसवतो. तुझ्या वेबरनंही आधी मुलूख बोलावला. सैतान नंतर, पोरगी त्याच्या नंतर. बोलावणं झाल्याशिवाय त्यालाही गोष्टीला हात घालता आला नाही.

भाची: हे मी मानते. व्हायोलिनवर ती सुरुवात वाजवताना आम्हाला नेहमी सांगतात, तो पहिला स्वर कुठून सुरू झाला हे कळता कामा नये. असं का, ते आज नीट कळलं. ज्यांना ऐकायचंय ते गोळा होईपर्यंत गोष्ट सुरू करायची नाही. पण मामा, तुम्हीही एक माना. बोलावणं झाल्यावर वेबर थांबला असता, तर वन्समोअर मिळाला नसता. दोनशे वर्षांनी, बर्लिनपासून इतक्या लांब, तुळजापुरात बसून तुम्ही ते ऐकलं. ऑपेरा बघितला नाही, जर्मन येत नाही, तरी षड्ज गेला तेव्हा तुम्ही दचकलात. ती ताकद गोष्टीची आहे.

मामा: मानतो. आणि मानताना मला आमचंच एक दुखणं दिसतं. हल्ली लोककलेच्या कार्यक्रमांत गोंधळाला पाच मिनिटं मिळतात. आयोजक म्हणतात, ते देवांना बोलावणं काढा, लोक कंटाळतात, डायरेक्ट जोरात सुरू करा. मग काय होतं? पहिल्या ठोक्यापासून संबळ पोताच्या लयीत. टाळ्या पडतात. चौक नाही, आवतण नाही, आख्यान नाही. तुझं ओव्हर्चर नाटकातून उचलून मैफलीत नेलं तरी टिकतं, कारण त्याच्या पोटात सगळं आहे. आमचा तुकडा उचलला की नुसता वेग हातात येतो.

भाची: तुमच्यातलं सगळ्यात आधी कापलं जातं ते बोलावणं. तिकडं ओव्हर्चर राहतं आणि ऑपेरा सुटतो. दोन्हीकडं दोघांची फारकतच होते.

मामा: पण माझी फारकत जास्त वाईट. पाच मिनिटांतल्या गोंधळावर जे पोरगं वाढेल, त्याला वाटेल संबळ म्हणजे एवढंच. त्याचा हात चालेल, पण राखून वाजवणं त्याला कधी शिकायलाच मिळणार नाही.

या वादात मला दोघांचंही पटतं, पण समसमान नाही. गोष्ट आधी सांगावी की नाही, यावर कलावंतांनी वेगवेगळी उत्तरं दिली आणि ती सगळी आपापल्या जागी टिकली. ग्लुकनं सांगा म्हटलं, रोसिनीनं सांगितलं नाही, बेथोव्हेननं सांगून पुन्हा हात आवरला, कालिदासानं सांगितलं आणि झाकून ठेवलं. बोलावणं मात्र कुणीच गाळलं नाही. नाट्यशास्त्रातल्या पूर्वरंगात तर नऊ अंगं पडद्याआडच पार पडतात. वाद्यं मांडणं, गाणाऱ्यांनी जागा घेणं, वाद्यं जुळवणं, हा सारा त्यातलाच विधी. ऐकणारा तयार होण्याआधी त्याच्यापुढं काही ठेवायचं नाही, ही शिस्त भरतापासून वेबरपर्यंत दिसते, आणि अखंडपणे आजही ती सांभाळणारी माणसं धाराशिव जिल्ह्यात आहेत.

म्हणून नवरात्रात किंवा एखाद्या महोत्सवात गोंधळ ठेवणाऱ्यांकडं माझं एक मागणं आहे. वेळ कमी असेल तर आख्यान आवरतं घ्या, एक कार्यक्रम कमी करा, भाषणं कमी करा. देवतांच्या आवतणाला हात लावू नका. चौक मांडू द्या, तो मांडताना लोकांना बघू द्या. मुलखातल्या एकेका ठिकाणाचं नाव पुरतं घेऊ द्या, ज्या गावात कार्यक्रम आहे त्या गावच्या देवाचंसुद्धा. आणि ज्यांना वेबर ऐकायचाय त्यांनी ओव्हर्चर संपल्यावर थांबू नये, पहिल्या अंकातल्या मॅक्सच्या गाण्यापर्यंत तरी जावं. सुरुवातीला आपल्याला कशासाठी बोलावलं होतं, ते तिथं कळायला लागतं.